रिटायर माणसाला मेमो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं पुढं हा किस्सा तितका हसण्यासारखा राहत नाही, आधीच सांगून ठेवतो. नोकरीत असताना गाढवपणा करणारे खूप पाहिले असतील तुम्ही. मी नोकरी संपल्यावर केला. आणि तोही नोकरीतच केला!

नाही ना कळलं? थांबा, नीट सांगतो.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मी जन्मभर बाबू होतो. भोयरबाबू. पूर्वीच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले तलाव आहेत ना आपल्याकडं गावोगावी, त्यांच्या दुरुस्तीचं टेबल माझं. कुठं बांधाची पाळ फुटली, कुठं गाळ साचला, कुठं गावकऱ्यांनी मधूनच पाट फोडून नेला, सगळे कागद माझ्याकडं. पोळ्याच्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण झाली. हार, नारळ, दोन भाषणं, एक फोटो. रिक्षात बसवून घरी आणून सोडलं.

जो भेटे तो म्हणे, "काय भोयरबाबू, आता मज्जा हाय तुमची! आराम करा!"

आराम! अहो, आराम कसा करतात हे मला कोणी शिकवलं होतं का? सकाळी पेपर घेऊन बसायचं. पहिल्या पानापासून थेट शेवटी खाली छापखान्याचा पत्ता असतो तिथपर्यंत वाचायचा. मग घड्याळात पाहायचं तर नऊ. आणि त्या नवाचे दहा काही केल्या होत नसत.

मुलगा भिलाईला, पोरगी अकोल्याला सासरी. सक्करदऱ्याच्या घरात आम्ही दोघंच. बायकोचं सगळं घड्याळाबरहुकूम. मी ज्या खोलीत बसे, नेमकी तीच खोली तिला झाडायची असे.

"उठा बरं जी. तिकडं बसा जरा."

तिकडं बसलो की तिकडं पोछा. ओसरीत गेलो तर तिथं पापड वाळत घातलेले. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही असे दिवसभर समोर दिसता नं, मले काई सुचतच नाई." रागानं नाही हो, अगदी सहज म्हणाली. पण ते जे मनाला लागलं ते लागलंच.

आणि दुपार! नोकरीत असताना दुपार कशी असते हे मला ठाऊकच नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नाही. बायको झोपलेली. मी आढ्याकडं पाहत पडायचं आणि मनात यायचं, आता हे असंच, मरेपर्यंत. खोटं कशाला बोलू, कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं. मग कोणी पाहू नये म्हणून मोरीत जाऊन तोंड धुवायचं.

दिवाळी झाली. एक दिवस उठलो, धुतलेला सदरा घातला आणि सायकल काढली.

"कुठं निघाले?"

"वाचनालयात."

वाचनालय डावीकडं. माझी सायकल उजवीकडं वळली. इतकी वर्षं ती उजवीकडंच वळली होती, तिचा तरी काय दोष?

माझ्या टेबलावर आता मेश्रामबाई होत्या. टेम्पररी. चांगली शिकलेली, माझ्या पोरीच्या वयाची बाई. नवरा गिरणीत बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असलं तरच त्याला काम. घरी सासू आणि तान्हं लेकरू. हिच्या पगारावर ते घर चाललेलं. मला पाहून तिला बरंच वाटलं.

"या न काका! बरं झालं आले. हे रामटेककडचे कागद मले काई समजूनच नाई राहिले."

मी एक खुर्ची ओढली. कागद समजावून सांगता सांगता मधली सुट्टी कधी झाली कळलंही नाही! बाहेर उन्हात पायरीवर बसून सगळ्यांनी संत्री खाल्ली, मीही खाल्ली. घरी आलो तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच जायला लागलो. बायकोला म्हटलं, डबा दे.

"वाचनालयात डबा?"

"लय वाचाचं हाय मले," मी म्हणालो. तिनं डबा भरून दिला.

आता खरी गंमत ऐका. डिसेंबर आला, म्हणजे अधिवेशन आलं. अख्खी मुंबई फायली घेऊन नागपुरात उतरते आणि आमच्या कचेऱ्यांची पळापळ सुरू होते. त्यातच आमच्याकडं नवे साहेब बदलून आले. मुंबईकडचे. इथं कोण नवं, कोण जुनं, काही माहीत नाही. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचीच गोष्ट. माझी सायकल पंक्चर झाली, उशीर झाला, आणि मी दारातून आत शिरतो तर साहेब समोर उभे.

"काय हो, ही यायची वेळ झाली का?"

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं.

"तुम्हालाच विचारतोय. नाव काय?"

"भोयर, साहेब."

"टेबल कोणतं?"

"तलाव, साहेब."

"उद्या सभागृहात तलावांवर प्रश्न आहे आणि तुम्ही आत्ता उगवताय? जेवायच्या सुट्टीच्या आत सगळी माहिती माझ्यासमोर पाहिजे!"

आता तुम्ही म्हणाल, एका वाक्याचं तर काम होतं. 'साहेब, मी रिटायर झालोय.' तोंडापर्यंत आलंही होतं हो. आणि बाहेर काय पडावं?

"हो साहेब. लगेच करतो साहेब."

बाप्पा बाप्पा! किती दिवसांनी मला कोणीतरी झापलं होतं! अंगावर मूठभर मांस चढलं. बसलो टेबलावर आणि मान वर न करता लिहून काढलं सगळं.

साहेबांना माझं वय कसं कळलं नाही म्हणता? एक तर माझे केस तेव्हा बरेच काळे होते. आणि दुसरं, सरकारी कचेरीत सगळेच रिटायर झाल्यासारखे दिसतात.

आमचे बडेबाबू तिवारी, म्हणजे हेडक्लार्क, ते हळूच माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता हाकलतात.

"बोलू नका काई, भोयरबाबू. अधिवेशनभर चालू द्या. फोकटात माणूस भेटून राहिला तं कोन सोडते?"

झालं! बडेबाबूंचाच हुकूम. मी रोज वेळेवर जाऊ लागलो, साहेबांसमोर उभा राहून बोलणी खाऊ लागलो, संध्याकाळी दमून घरी येऊ लागलो. रात्री झोप लागायला लागली. नोकरीत असताना केलं नाही इतकं काम मी त्या दिवसांत केलं, आणि तेही बिनपगारी. मेश्रामबाई बिचारी बाजूला बसून मी सांगेन ते लिहायची. ती हल्ली फार बोलत नव्हती, पण ते माझ्या लक्षात कुठलं यायला? मला फुरसत होती का!

मग थंडीनं गाठलं. सणकून ताप आला आणि मी अंथरुणात. दोन दिवस गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सायकलची घंटी वाजली. आमचा चपराशी मारोती. मी आतून ऐकतोय.

"वहिनी, बाबूजी हायत का? मेमो हाय."

"कोनाले?"

"बाबूजीले."

"काहून? थे तं रिटायर झाले!"

"थे मले बी माहीत हाय वहिनी. साहेबाले नाई माहीत नं!"

विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा करावा, असा तो मेमो. टाईप कोणी केला असेल? तिवारीनं! स्वतःच्या हातानं. खरं सांगावं तर फोकटात माणूस राबवला हे उघडं पडणार. म्हणून बिचाऱ्यानं गुपचूप टाईप करून, सही घेऊन, पाठवून दिला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही मिळाला मला. मिळाला तो रिटायर झाल्यावर!

बायको तो कागद घेऊन माझ्या खाटेशी आली. मी चादर डोक्यावरून घेतली. म्हटलं, आता वाचनालय निघतंय. ती खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "इतकं जड जाते का जी, घरात?"

मी म्हटलं, "खुलासा लिहा लागंल."

"राजीनामाच देऊन टाका न त्यापेक्षा!"

"राजीनामा कशाचा देऊ?"

"थेच तं म्हनून राहिली मी!"

पण मी खुलासा लिहिलाच. अंगात ताप, तरी अक्षर झकास. आजारी होतो, कळवता आलं नाही, पुन्हा असं होणार नाही, क्षमा असावी. बायको बाजूला बसून माझ्याकडं पाहत होती. तिची नजर मला आवडली नाही. आजाऱ्याकडं पाहतात तशी होती, आणि ती तापाबद्दल नव्हती.

खुलासा वाचून साहेब खूश झाले. असा नम्र बाबू त्यांनी म्हणे पाहिलाच नव्हता. अधिवेशन संपलं होतं, आणि साहेबांच्या डोक्यात आता काटकसर शिरली होती. त्यांनी तिवारींना बोलावून सांगितलं, "तलावांच्या टेबलावर दोन माणसं कशाला? भोयर अनुभवी आहेत, एकटे पुरेसे आहेत. त्या टेम्पररी बाईंना महिनाअखेर कमी करा."

मी बरा होऊन कचेरीत गेलो तर मेश्रामबाई मान खाली घालून लिहीत होत्या. कागदावर टपटप पाणी पडत होतं आणि तरी लिहिणं चालूच.

"काय झालं वं पोरी?"

"मले काढून राहिले, काका."

"काहून?"

"तुम्ही काम चांगलं करता नं, म्हनून." आवाज चढवला नाही तिनं. "तुम्हाले घरी बसून पेन्शन येते, काका. मले घरी बसून काय येईन?"

"अवं, मंग आधीच बोलायचं होतं नं! मले हाकलायचं होतं!"

"कसं बोलू? तुम्ही इतके खुश दिसत होते."

ऐकलंत? म्हणजे त्या सगळ्यांनी मला तिथं बसू दिलं ते काही माझ्या हुशारीसाठी नाही. तिवारीनं कामासाठी बसू दिलं आणि बाकीच्यांनी कीव येऊन. आणि मी आपला रोज डबा घेऊन, केस विंचरून, ऐटीत! लाज वाटली हो. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

तडक साहेबांच्या खोलीत गेलो. टेबलासमोर उभा राहिलो.

"साहेब, मेश्रामबाईंना काढू नका. ते टेबल त्यांचंच आहे. मी इथला नाही."

"इथला नाही म्हणजे?"

"मी रिटायर झालोय, साहेब."

साहेब हसले. "अहो भोयर, कामाचा कंटाळा आला असेल तर रजा मागा. हे काय भलतंच?"

"खरंच साहेब. पोळ्याच्या महिन्यात झालो."

"काहीतरीच! मी स्वतः तुम्हाला मेमो दिलाय. रिटायर झालेल्या माणसाला मी मेमो देईन का?"

"दिला ना, साहेब."

"आणि तुम्ही त्याचा खुलासाही केलात?"

"केला, साहेब."

साहेबांनी जोरात घंटी वाजवली. तिवारी आले. एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पंख्याकडं पाहिलं, आणि पंख्यालाच उद्देशून म्हणाले, "हां साहेब. रिटायरच हायत. यांचा सेंड-ऑफ मीच केला होता."

मग साहेबांनी बाईंना कमी करण्याचा कागद मागवला, त्यावर आडवी रेघ मारली आणि तिवारींकडं सरकवला. म्हणाले, "बाई राहतील. तुम्ही जा. तुमच्याशी मी नंतर बोलतो." तिवारी जे पळाले ते दार लावायचंही विसरले.

राहिलो मी. मी हात जोडून तयार झालो. आता हा माणूस मला असा झापणार की सगळी कचेरी ऐकेल. आणि खरं सांगू? मला तेच हवं होतं. एकदा शेवटचं मला खडसावा, लेखी द्या, चार लोकांत अपमान करा. काय वाट्टेल ते करा.

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच. आवाज इतका खाली आणला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"बसा ना, आजोबा. उभे का?"

आमच्या कचेरीत साहेबांच्या खोलीत बाबू कधी बसत नाही. ती खुर्ची बाहेरून येणाऱ्यांसाठी असते. अधिवेशनाच्या धांदलीत, शिव्या खातानासुद्धा मी तिथं उभाच होतो.

बसलो. आणि तेव्हा कुठं मी रिटायर झालो.