आधी माहेर विचारायचं

साऱ्या तीर्थपुरीच्या बायकांना बांगड्या भरणाऱ्या आमच्या खालांच्या स्वतःच्या हातात मात्र एक बांगडी नव्हती. मनगटं अगदी मोकळी. बरं, खालू, म्हणजे त्यांचे मालक, चांगले धडधाकट होते, बाजारात बसून स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यामुळे बायकांना हे फारच खटकायचं. कुणी विचारलं की खालांकडे उत्तर तयार असायचं, फक्त एकाचा दुसऱ्याशी मेळ नसायचा. माझ्या आईला त्या म्हणाल्या, "हलवाईच मिठाई खाऊन राह्यला तर धंदा कधी करंल?" शेजारच्या काकूंना सांगितलं, काचेनं पुरळ येतं. मग दिवसभर काचेत हात घालता ते कसं, हे काकूंना सुचेपर्यंत त्यांच्या हातात डझनभर बांगड्या चढलेल्या होत्या.

दुपारी फेरी संपली की खाला आमच्या ओट्यावर टोपलं उतरवून तांब्याभर पाणी प्यायच्या. हाताकडे नुसतं बघून त्या माप सांगत आणि ते कधी चुकत नसे. मला त्यांनी चारचौघींत सांगितलं होतं, "पोरीच्या जातीला केवढा हात हा! अडीचचा. माझा बघ, या वयात पन सव्वादोन." त्या दिवसापासून मी खालांसमोर हात पदराआड, म्हणजे ओढणीआड ठेवू लागले.

त्यांच्या धंद्याची सगळी विद्या एका प्रश्नात होती. बांगडीचं नाव काढायचं नाही, आधी माहेर विचारायचं. घनसावंगीला एका साहेबांची बायको लांबून कुठून तरी आली होती. दूधवाल्यालासुद्धा ती दार उघडत नसे. खाला दाराबाहेर बसल्या आणि आतल्या अंधाराला म्हणाल्या, "बाई, माहेर कुठलं तुमचं?" थोड्या वेळानं कडी वाजली. तासाभरानं साहेबांची बायको डोळे पुसत चहा करत होती आणि तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. "घट्ट हातात बांगडी शिरत न्हाई," खाला म्हणायच्या. "जबरदस्ती केली तर वाढते." बांगडी फुटली असं त्या कधी म्हणत नसत, वाढली म्हणत. "आधी बाई नरम कर, मंग हात आपोआप नरम होतो." बायकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, माहेरं मात्र सगळी तोंडपाठ. आमची आई त्यांच्यासाठी जन्मभर 'वडीगोद्रीवाली' होती.

मी एम.ए.ला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या समाजशास्त्राच्या मॅडमनी संशोधनाच्या विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला आठवडी बाजार आला, कुणाला बसस्टँड. माझ्या चिठ्ठीत निघालं 'इंटरनेटवरची आभासी जगं'. म्हणजे संगणकावर एक अख्खं जग असतं. त्यात माणसं बाहुल्यांच्या रूपानं हिंडतात, घरं बांधतात, चौकात गप्पा मारतात, आणि प्रत्येक बाहुलीमागे कुठल्या तरी देशातला खराखुरा माणूस बसलेला असतो. त्या जगात जाऊन वीस जणांच्या मुलाखती महिनाअखेरपर्यंत आणायच्या होत्या. नाही आणल्या तर विषय राहणार, वर्ष वाया जाणार. आणि वाया गेलेलं वर्ष म्हणजे स्थळं बघायला सुरुवात, असा आमच्या घरचा साधा हिशेब होता.

मी चुलतभावाचा जुना लॅपटॉप घेऊन ओट्यावर ठाण मांडलं, कारण मोबाइलची रेंज तिथंच यायची. दहा दिवसांत मी पाच गावठाणं, दोन किल्ले आणि एक समुद्रकिनारा पालथा घातला. मुलाखती झाल्या शून्य. मी एखाद्या बाहुलीजवळ जाऊन इंग्रजीत टाइप करायची, "मी एक संशोधक विद्यार्थिनी असून आपण माझ्या चौदा प्रश्नांना उत्तरे देण्यास संमती द्याल काय?" आणि माझं वाक्य संपायच्या आत समोरचा आकाशात उडून जायचा. त्या जगात माणसांना उडता येतं, हे माझ्या मुळावर आलं होतं.

अकराव्या दिवशी खाला माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरची माझी बाहुली त्यांनी नीट न्याहाळली.

"ही कोण?"

"मीच आहे, खाला."

"तू? हात तर सव्वादोनचा दिसून राह्यला," त्या म्हणाल्या. "अन् मोकळे कामून? गळ्यात न्हाई, कानात न्हाई. कुन्या घरची म्हणावी हिला?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तेवढ्यात एक लांडग्याचं तोंड आणि पाठीला पंख असलेला गडी समोर आला. मी माझं संमतीचं वाक्य टाइप केलं आणि ते खालांना मराठीत वाचून दाखवलं. गडी भुर्रकन उडाला.

"उडंल न्हाई तर काय करंल?" खाला म्हणाल्या. "पोलिसवाली वाटतीस बिलकुल. माहेर इचारलं का त्याला?"

"खाला, तो पुरुष आहे. शिवाय लांडगा आहे."

"मंग? लांडग्याला माय नसती का?"

वर्ष वाया जाणारच होतं, ते जरा गंमत करून जाऊ दे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याच लांडग्याला गाठलं आणि विचारलं, "तुझ्या आईचं घर कुठं आहे?" तो उडाला नाही. बराच वेळ नुसता उभा राहिला. मला वाटलं रेंज गेली. मग जे लिहायला लागला ते थांबेचना. आईचं स्वयंपाकघर, खिडकीतलं मांजर, घर विकलं तेव्हा तो कसा शेवटचा बाहेर पडला, ते सगळं. माझे चौदापैकी अकरा प्रश्न मी न विचारताच त्यानं सोडवले. मी वाचून दाखवत होते आणि खाला मान हलवत होत्या. "बराबर हाय," त्या म्हणाल्या, "लेकरू लई दिवसांचं भुकेलं व्हतं."

त्या दिवसापासून संशोधन खालांनी ताब्यात घेतलं. रोज दुपारी टोपलं उतरवायच्या आणि माझ्या शेजारी बसून हुकूम सोडायच्या. उडायचं नाही, चालायचं. उडत आलेल्या बाईला कोण घरात घेतं? कुणाच्या दारातून सरळ आत जायचं नाही, बाहेर थांबून "कुणी हाय का घरात?" असं टाइप करायचं. एक गृहस्थ नुसत्या चड्डीवर हिंडत होते, त्यांना "आधी अंगभर घाल, मंग बोलू," असं मला कळवावं लागलं. त्या बिचाऱ्यानं खरंच सदरा घातला आणि मुलाखत दिली. आमच्या आईलाही नाद लागला. ती चहा घेऊन यायची आणि विचारायची, "काल त्या निळ्या केसांच्या बाईचं भावाशी बोलणं झालं का गं?"

असे एकोणीस झाले आणि हातात दोन दिवस उरले.

विसावी होती बर्फाच्या देशातली एक म्हातारी. त्या जगात ती लोकांना घरं बांधून द्यायची, म्हणून खालांनी तिचं नाव गवंडीण ठेवलं होतं. तिनं सगळी उत्तरं दिली, पण संमती द्यायच्या वेळी अडून बसली. म्हणाली, असे प्रश्न पुस्तकातले नसतात, ते तुला कोण सुचवतं? मी खालांबद्दल लिहिलं. तिचं उत्तर आलं, "मग त्यांच्या आईचं घर कुठं आहे ते आधी सांग. त्याशिवाय माझं काही छापायचं नाही."

मी हसत हसत वाचून दाखवलं. "खाला, सांगा. तुमचं माहेर कुठलं?"

खालांनी टोपलं उचललं. "उशीर झाला पोरी. खालू वाट बघून राह्यले असतील," म्हणाल्या आणि पाणी न पिता गेल्या. ऊन अजून ओट्यावरच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. मी एकटीच लॅपटॉपसमोर बसले होते आणि मला वर्षाची काळजी वाटायला हवी होती, पण वाटत होती ती लाज. माझ्या जन्मापासून ही बाई आमच्या ओट्यावर येत होती आणि तिला हे विचारायला बर्फातली एक गवंडीण लागली.

शेवटच्या दिवशी दुपारी खाला आल्या. टोपलं न उतरवता उभ्यानंच म्हणाल्या, "लिही. पाण्यात हाय."

मग बसल्या. "माझं लगीन झालं अन् दुसऱ्या साली धरणाचं पाणी आलं. गाव उठलं. मातीचं घर, म्होरं ओटा, लिंब, सारं पाण्यात गेलं. आईबाप कुठं-कुठं गेले, मंग वारले. आता कुणी इचारलं तर काय सांगू? पाणी दाखवू? म्हणून मीच आधी इचारते सगळ्यांना. आपली बारी येत न्हाई मंग." त्यांनी स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवलं. "शेवटचा चुडा अम्मीनं भरला व्हता. एकेक करून वाढला सगळा. दुसऱ्या कुणाच्या हातून भरूच वाटलं न्हाई."

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. बऱ्याच वेळानं गवंडिणीची संमती आली. संध्याकाळी मी वीस मुलाखती मॅडमना पाठवल्या. पुढं तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, ही संशोधनपद्धती कुणाची? मी सांगितलं, आमच्या खालांची. त्यांनी ते नाव लिहून घेतलं आणि कोणत्या विद्यापीठात असतात म्हणून विचारलं.

पण परीक्षेच्या आधीच, मुलाखती पाठवल्यावर आठवडाभरात, गवंडिणीचा निरोप आला होता, खालांना घेऊन ये. आम्ही गेलो. एका मोठ्या तळ्याच्या काठावर तिनं मातीच्या भिंतींचं एक घर उभं केलं होतं. पुढं ओटा, ओट्यालगत कडुलिंब. खाला चष्मा लावून बघत राहिल्या. आता या रडणार, म्हणून आईनं पदर तयार ठेवला.

"लिंब उजव्या अंगाला पाहिजे," खाला म्हणाल्या. "अन् दरवाजा एवढा उंच कामून? आमचे अब्बा ठेंगणे व्हते."

गवंडिणीनं लिंब हलवला. मग चूल चुकली होती, मग न्हाणी नव्हती, मग ओट्याला एक दगड कमी होता. चार दिवस हे चाललं. मला त्या म्हातारीची दया यायला लागली. आई म्हणाली, "चालायचंच. माहेरी गेलेली बाई खोट काढल्याशिवाय राहते का?"

पाचव्या दिवशी खालांना एकही खोट सापडली नाही. बाहुली दारापाशी होती. "चालत ने," त्या हळूच म्हणाल्या. "अन् चप्पल काढ." त्या बाहुलीची चप्पल कुठल्या बटणानं निघते ते शोधण्यात माझी दहा मिनिटं गेली, पण खालांनी घाई केली नाही. चप्पल निघाली. बाहुली वाकून आत गेली. खाला पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "अम्मी, मै आयी."

मी लॅपटॉप मिटला. खालांनी टोपल्यातून सव्वादोनच्या बांगड्या काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि हात पुढं केला.

"भर. माहेराहून मोकळ्या हातानं जाते का कुणी?"

मला बांगडी भरता येत नव्हती. पहिल्या तीन वाढल्या. खालांनी एकदाही हात मागे घेतला नाही, फक्त "नरम धर, नरम धर" म्हणत राहिल्या. शेवटी दोन्ही हातांत एकेक चढली. "गवंडीण बरी तुझ्यापेक्षा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही मनगटं हलवून तो आवाज बराच वेळ ऐकत बसल्या.

मागच्या वर्षी खाला गेल्या. चार दिवसांनी त्यांची सून आमच्या ओट्यावर आली आणि रुमालात बांधलेल्या त्या दोन बांगड्या तिनं माझ्या हातात ठेवल्या. "अम्मी बोलून गेल्ती," ती म्हणाली, "माहेरची बांगडी माहेरी देऊन ये."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिचं माहेर विचारलं. बांगड्या मी जपून ठेवल्या आहेत. माझ्या हातात त्या काही जात नाहीत.