हाताचा वास

शेवटच्या भेटीत शालननं माझ्या हाताचा वास घेतला. सांगलीच्या दवाखान्यात ती भिंतीकडच्या खाटेवर होती. काविळीनं डोळे हळदीसारखे झाले होते आणि बोलताना मध्येच थांबावं लागत होतं. मी हात पुढे केला, तो तिनं धरला, नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला आणि मग स्वतःलाच हसली. तिची मुलगी गौरी तर तिथं नव्हतीच. ती कोरेगावला आजीजवळ होती. "सवय रे, दादा," शालन म्हणाली. मग दम घेऊन म्हणाली, "आत्या मनानं लय चांगल्या हायत. गौरीवर जीव टाकतात. पण त्यांना हे खरं वाटत न्हाई… मी असेपर्यंत ठीक होतं." तिच्या सासूबाईंना ती आत्या म्हणे. चार दिवसांनी ती गेली. तिला मरणाची भीती होती की नाही, मला सांगता येणार नाही. या एका गोष्टीची मात्र होती.

शालन माझी धाकटी बहीण. कोरेगावात दिली. नवरा, विलासराव, फौजेत; वर्षातून एकदा सुट्टीवर. घरात सासू, सून आणि उशिरा झालेली गौरी. गौरी दोन वर्षांची असताना संक्रांतीला शेजारणीनं तिच्या तोंडात तिळगुळाचा लाडू घातला. आमच्याकडच्या लाडवात तिळाइतकंच दाण्याचं कूट असतं. घटकाभरात पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. कुणाच्या तरी जीपमधून तिला साताऱ्याला नेलं. इंजेक्शननं ती वाचली. डॉक्टरांनी मागचं पुढचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, हिला शेंगदाणा चालत नाही. कणभरसुद्धा नाही, कधीच नाही. पुढच्या वेळी तुम्ही साताऱ्यापर्यंत पोचालच असं धरून चालू नका.

शेंगदाणा नाही म्हणजे आमच्या भागात काय राहतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, आमटीत कूट, उपासाला तर दाण्याशिवाय काहीच नाही, आणि तेलही घाण्यावरचं शेंगाचं. शालननं एकेक करून सगळं घराबाहेर काढलं. करडईचं तेल आणलं, कूट जिथं होतं तिथं खोबरं आणि कारळं घातली, नवा खलबत्ता घेतला. जुना खलबत्ता आत्यांनी फेकू दिला नाही म्हणून तो माळ्यावर गेला. शालनला स्वतःला दाण्याची चटणी फार आवडायची. लहानपणी ती नुसती चटणी बोटानं चाटायची आणि आईचा मार खायची. तीही तिनं सोडली. आत्यांना हे पटलं नव्हतं. "आवं, चिमूटभर कुटानं काय हुतंय? आमी काय दाण्यावर वाढलो न्हाई व्हय? दृष्ट लागली हुती पोरीला," असं त्या मलाही ऐकवत. पण सुनेच्या हट्टापुढं त्या गप्प बसत.

दारात पाण्याची बादली, तांब्या आणि साबणाची वडी आली ती तेव्हापासून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शालननं उंबऱ्यातच अडवलं.

"एसटीत काय खाल्लंस?"

"कराडला शेंगा घेतल्या होत्या."

"मग चूळ भर आधी. आणि सदरा झटक."

हात धुतले की ते नाकाशी नेऊन ती खात्री करायची, मगच गौरीला जवळ घेऊ द्यायची. शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणत, "शालनच्या घरात जायचं म्हंजी देवळापरास सोवळं." शालन हसायची, पण तांब्या पुढं करायचीच. त्या हसण्यातही तिचे डोळे काकूंच्या हातावर असत. तिला निवांत बसलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

दहाव्याच्या दिवशी पहाटे मी कोरेगावात एका आवाजानं जागा झालो. खलबत्त्याचा आवाज. घरभर भाजलेल्या दाण्यांचा वास होता… चार वर्षांत त्या घराला तो ठाऊक नव्हता. आत्या माळ्यावरचा खलबत्ता काढून चटणी कुटत बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लय आवड हुती तिला. पोरीपायी सोडली. आता तरी खाऊ द्या," त्या म्हणाल्या. माझ्या बायकोनं झोपलेली गौरी तशीच गोधडीसकट उचलली आणि शेजारी काकूंकडं नेली. आत्यांचा बत्ता हातातच थांबला.

माहुलीच्या संगमावर पिंड मांडला. शेजारी पानावर भाकरी आणि ती चटणी. कावळे आले, पायरीवर बसले, पण पानाजवळ येईनात. विलासरावांनी हात जोडून सांगितलं, पोरीला काही कमी पडू देणार नाही. मीही सांगितलं. ऊन चढत चाललं. कुणी तरी दर्भाचा कावळा करायचं काढलं. तेवढ्यात आत्या उठल्या. त्यांनी पानावरची चटणी उचलली, नदीत सोडली आणि काठच्या वाळूनं हात घासू लागल्या. घासत बराच वेळ बसल्या. मग दोन्ही तळवे नाकाशी नेले, पुन्हा घासले, पुन्हा हुंगले. पिंडासमोर येऊन म्हणाल्या, "शालन, दाणा घरात येणार न्हाई. आता मी बघीन." थोड्या वेळानं कावळा शिवला. लोक त्याचा जो अर्थ लावायचा तो लावतात. मी कावळ्याकडं पाहत नव्हतो. शालन करायची तीच हालचाल आत्यांचे हात करत होते, ती मी पाहत होतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा कोरेगावला गेलो. खलबत्ता माळ्यावरही नव्हता. तो कुठं गेला, मी विचारलं नाही. दारात बादली भरलेली होती, साबणाची वडी नवी होती. आतून आत्यांचा आवाज आला, "गौरे, मामा आलाय. तसाच घिऊ नगंस आत." गौरीनं दोन्ही हातांनी तांब्या धरून माझ्या हातावर पाणी घातलं, अर्धं माझ्या पायावर सांडलं. मग तिनं माझा ओला तळवा धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. तिचा ऊन श्वास हाताला लागला. "ये," ती म्हणाली आणि आत पळाली. मी मात्र हात तसाच पुढं धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.