दत्तारामला न सांगितलेले शब्द

निघायच्या दिवशी आमच्या घरी माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. फेब्रुवारी होता, बागेत खुडणी चालू होती आणि व्यापाऱ्याची गाडी सकाळीच येऊन उभी होती. दिंडोरी तालुक्यात फेब्रुवारीत लेक परदेशी निघाली तरी घड थांबत नाहीत. आण्णा बागेतून तसेच आले. हातात कात्री, बोटं रसाने चिकट. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी तो त्यांनी सदऱ्याला पुसला.

महेश, माझा नवरा, मला न्यायला आला होता. तो आधीच दोन वर्षं कुवेतला होता, एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट. त्याने माझी बॅग पुन्हा उघडली आणि तीन वस्तू बाहेर काढल्या: वायनरीचं नाव विणलेलं जॅकेट, रसातली साखर मोजायची काचेची नळी आणि माझी निळी वही. "हे तिकडे नको, तिथे दारूबंदी आहे. कुणी विचारलं तर काय सांगणार?" आईने वस्तू उचलून कपाटात ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "कुणी विचारलं तर शाळेत होते म्हण." आयुष्यभर खोटं बोलू नको म्हणणाऱ्या माझ्या आईचं निघतानाचं सांगणं हे होतं. व्हिसाच्या कागदावर माझ्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलेलं होतं.

तुमच्यापैकी गावाकडच्या बऱ्याच जणांना मी नेमकं काय काम करायचे ते कधी कळलं नाही, म्हणून सांगते. लग्नाआधी आणि नंतरही, मिळून सहा वर्षं, मी एका वायनरीच्या लॅबमध्ये होते. तिथे दर हंगामात इटलीतून रेंझो नावाचे एक म्हातारे वाइनमेकर दोन महिने यायचे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच अडखळतं. मग आम्ही वस्तूवर बोट ठेवायचो, ते त्यांचा शब्द सांगायचे, मी आमचा सांगायचे, आणि मी दोन्ही वहीत लिहायचे, कारण टाक्यांवरच्या माणसांना मलाच समजावून द्यावं लागे. वेंदेम्मिया म्हणजे आपली खुडणी. मोस्तो म्हणजे सालीबियांसकट चेचलेला रस. विनाच्चा म्हणजे चोथा. मणी रंग धरायला लागतात त्याला ते इन्वायातूरा म्हणायचे. आण्णा त्याला 'पाणी उतरलं' म्हणतात, असं मी सांगितल्यावर रेंझो खुर्चीतून उठले आणि 'पाणी उतरलं' हे चार वेळा म्हणून पाहिलं. छाटणीनंतर काडीच्या टोकातून थेंब ठिबकतात, त्यालाही त्यांच्याकडे शब्द होता: प्यांतो, रडणं.

एका वर्षी त्यांनी चोथ्याची दारू गाळून दाखवली. भट्टीतून पहिल्यांदा येतं ती तेस्ता, म्हणजे डोकं. मधलं कुओरे, काळीज. शेवटचं कोडा, शेपूट. तेस्ता विषारी, म्हणून ती त्यांनी स्वतः मोरीत ओतली. मग त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. गावातल्या एकाने कुठून तरी आणलेली दारू प्याली, चवीला काही वेगळी नव्हती, वासही नव्हता. दुसऱ्या दिवशी डोळे गेले, तिसऱ्या दिवशी माणूस गेला. मी वहीत लिहिलं: आधी डोळे.

कुवेतमध्ये सबाह अल-सालेममध्ये आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. महेश सकाळी सहाला गाडी घेऊन सिटीत ऑफिसला जातो. पहिली दोन वर्षं मी खिडकीतून पार्किंग बघत काढली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका विचारायच्या, "तुम्ही काय करायचात?" मी म्हणायचे, फूड लॅब. पुढे कुणी विचारत नसे. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कधी कधी नाशिकची द्राक्षं यायची. मी एक मणी चिरडून बोटांना किती चिकटतो ते बघायचे आणि दुकानदार विचारायचा, "मॅडम, लेना है क्या?" ईरा झाली, मोठी झाली, शाळेच्या कसल्या तरी प्रोजेक्टसाठी विचारायला लागली, "मम्मा, वॉट वॉज युवर जॉब?" मी तिलाही फूड लॅब सांगितलं. ती इंग्रजीत उत्तरं देते म्हणून मला वाईट वाटायचं. पण मी तिला मराठीत खोटं सांगत होते.

खरं मी एकाच माणसाला सांगितलं. दत्ताराम. संगमेश्वराकडचा सुतार, पन्नाशीला आलेला, महेशच्या कंपनीत खैरानच्या समुद्रकाठी शॅलेंचं, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यांचं, लाकूडकाम करायचा. एका शुक्रवारी महेशने त्याला आमचे स्वयंपाकघरातले ड्रॉवर नीट करायला बोलावलं. रंधा चालवता चालवता त्याने विचारलं, "वैनी, तुमी कुठल्या?" मी दिंडोरी म्हटलं. "म्हंजे द्राक्षवाल्या." त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी ओट्याला टेकून तासभर बोलले. रेंझो, टाक्या, लाकडी पिंपं. पिंपांशी आल्यावर तो काम थांबवून बसला.

"खिळा नाय?"

"नाही."

"सरसपण नाय?"

"नाही. नुसत्या फळ्या आणि बाहेरून लोखंडी कडी. त्या फळीला ते डोगा म्हणतात."

"आनि गळत नाय?" तो हसला. "मग तो सुतार मोठा म्हनायचा."

त्यानंतर तो महिन्यातून एखाद्या शुक्रवारी जेवायला यायचा. माशाचं कालवण केलं की महेश त्याला फोन करायचा. ईराला त्याने अभ्यासाचं छोटं बाक करून दिलं. माझ्याशी पिंपांबद्दल, लाकडांबद्दल बोलायचा. हरवलेली भाषा मला महिन्यातल्या एका शुक्रवारपुरती परत मिळाली होती, आणि ती ऐकणारा होता दूर गावी राहणाऱ्या वनिताचा नवरा, वर्षाकाठी तीस दिवस घरी जाणारा.

त्या वर्षी त्याला गणपतीची रजा मिळाली नाही. शॅलेंचं काम अडलं होतं. गणपतीनंतरच्या शुक्रवारी तो आला तेव्हा महेश ईराला क्लासला सोडायला गेला होता. मी दत्तारामला चहा दिला.

"वैनी, येक विचारू? रागावनार नाय ना?"

"विचारा."

"खोलीतली पोरं त्या बाटल्या आनतात. पान्याच्या बाटलीत भरलेलं असतं. कोन करतं, कशाचं करतं, काय कळत नाय. मी घेतलं येकदोनदा. भीती वाटते. तुमाला येतंय ते. द्राक्षाचा रस काय इथं दुकानात मिळतो. नुस्तं सांगा कसं ते. माझ्यापुरतं."

मला आधी दरवाजा दिसला, मग महेशचा इकामा, म्हणजे त्याच्या राहण्याचा परवाना, मग ईराची शाळा. इथे अशा गोष्टीसाठी माणसाला एका आठवड्यात विमानात बसवतात, तेही तुरुंगातून. माझा आवाज चढला. "मला काही येत नाही. मी तिथे बाटल्या धुवायचे. आणि हा विषय माझ्या घरात परत काढायचा नाही."

तो उठला. कप सिंकमध्ये नेऊन ठेवला. "चुकलो वैनी," म्हणाला आणि चपला घालून गेला.

त्याला रस कसा आंबवायचा हे मी सांगायला हवं होतं, असं मी आजही म्हणत नाही. पण त्याने मला त्या पाण्याच्या बाटल्यांबद्दल सांगितलं होतं. त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती कशाची असायला हवी हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. दोन वाक्यं होती. त्यातलं थेंबभरही घेऊ नका. आणि डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं तर घाबरून खोलीत पडून राहू नका, तडक दवाखाना गाठा. ती वाक्यं सांगायला इथल्या कुठल्याही कायद्याची आडकाठी नव्हती. मला फक्त 'मी बाटल्या धुवायचे' हे खोटं आधी सुचलं.

पाच आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, महेशला साइटवरून फोन आला. दत्तारामला हॉस्पिटलात नेलंय. गुरुवारी रात्री सगळ्यांनी घेतलं होतं. शुक्रवारी उठल्यापासून त्याचं डोकं दुखत होतं, मग म्हणाला सगळं धुक्यासारखं दिसतंय. पोलीस येतील, सगळ्यांना उचलतील, म्हणून खोलीतल्यांनी त्याला लिंबूपाणी देऊन झोपवून ठेवलं. शनिवारी सकाळी श्वास लागला तेव्हा कुणीतरी धीर केला.

मी महेशबरोबर गेले. भेटीची वेळ होती म्हणून आत सोडलं. वॉर्डात ट्यूबलाइट लख्ख पेटलेल्या होत्या. दत्तारामचे डोळे उघडे होते आणि छताकडे लागलेले होते. मी हाक मारली.

"वैनी? लाइट गेलीय काय हो?"

महेश माझ्याकडे बघायला लागला.

"हो," मी म्हटलं. "गेलीय. येईल."

"बराच वेळ झाला."

त्याने हात पुढे केला, तो मी धरला. तळव्यावर रंध्याचे घट्टे होते. डॉक्टर केरळच्या होत्या, हिंदीत म्हणाल्या, "इलाज है इसका. लेकिन कल लाना था." कल म्हणजे शुक्रवार. त्या संध्याकाळी त्याची शुद्ध गेली आणि सोमवारी दुपारी तो गेला.

कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, नऊ दिवस फिरला. शव गेलं. खोलीतल्या दोघांना परत पाठवलं. घरी कळवताना हार्ट बंद पडलं असं कळवलं गेलं. महेश म्हणाला, "तेच बरं. वनिताला आणि लोकांचं ऐकायला नको." मी त्याला त्या शुक्रवारचं सांगितलं. तो म्हणाला, "तू तरी काय करणार होतीस वैशू? आपण सगळेच गेलो असतो." तो मला वाचवायला बघत होता. मी ते वाक्य पुष्कळ वेळा मनात म्हणून पाहिलं. माझ्या उपयोगाचं ते झालं नाही.

मे महिन्यात रजेवर आलो, तेव्हा दिंडोरीत चार दिवस राहून मी एकटी संगमेश्वराच्या बाजूला गेले. महेश नको म्हणत होता. दत्तारामचं घर रस्त्यापासून खाली, कौलारू, पुढे पडवी. वनिताने मला पडवीत बसवलं, पाणी दिलं, कोकमाचं सरबत केलं.

"तुमीच त्या नाशिककडच्या वैनी," ती म्हणाली. "फोनवर सांगायचे. कालवण चांगलं करतात म्हनून." मग आवाज खाली आणून विचारलं, "वैनी, येक विचारते. गावातली लोकं काय काय बोलतात. ते हार्टनंच गेले ना?"

हो म्हणणं सोपं होतं. ती हो ऐकायला बसली होती. पण मी नाही म्हटलं. बाटल्यांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, आणि मग तो मला काय विचारायला आला होता, मी त्याला काय उत्तर दिलं, आणि मला काय माहीत होतं, तेही सांगितलं. सांगताना मी रडले नाही. रडले असते तर तिला मला समजवावं लागलं असतं.

वनिताने माझ्यापुढचा ग्लास उचलला. सरबत अर्धं होतं.

"कंपनीवाल्यांचा नाय येवढा राग येत," ती म्हणाली. "तुमच्या हातचं जेवले होते ते." उठून दारात गेली आणि तिथून म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. आता परत इथं येऊ नका."

मी रस्त्यापर्यंत चढून आले. एसटीला दोन तास होते.

कुवेतला परत आल्यावर मी ईराला खरं सांगितलं, वाइन हा शब्द वापरून. ती म्हणाली, "ओके. बट वाय डिड यू लाय?" शुक्रवारी दत्तारामच्या खोलीतले उरलेले कधी येतात. जेवण झालं की मी त्यांना ती दोन वाक्यं सांगते, दर वेळी, नवीन कुणी असला तर पहिल्यापासून. ते खाली मान घालून ऐकतात. महेश उठून दार लावून घेतो, पण मला थांबवत नाही. त्यातला कोण ऐकतो आणि कोण नाही, मला कळत नाही.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार. माझ्यासारखे इकडे निघून आलेलेही एकमेकांना तेच विचारतात. दिंडोरीला गेले की सगळे मला लेक म्हणून जवळ घेतात, इथे सगळे मिसेस महेश म्हणून नमस्कार करतात, आणि दोन्हीकडे मी पाहुण्यासारखी नीट बसते. घर म्हटलं की हल्ली मला वनिताची ती खालच्या अंगाची पडवी दिसते. तिथे मला येऊ नका म्हणून सांगितलंय, आणि मी जाणारही नाही. पण मी कोण होते, मला काय येत होतं आणि मी काय बोलले नाही, हे सगळं माहीत असलेला दुसरा उंबरा मला कुठेच नाही.