जोतिबाने राखलेले दहा दिवस

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण प्रयोगशाळेच्या दारात चपला काढाव्यात तसा तो मी बाहेरच ठेवत असे. आत शिरलं की फक्त नोंदी, तपासणी आणि पुरावा. त्या वर्षी मात्र पुरावाच मला खोटं पाडत होता.

मी कोल्हापुरात काळ्या आजाराच्या परजीवीवर काम करते. वाळूमाशी चावून होणारा हा आजार. महिनोन्‌महिने ताप येतो, प्लीहा सुजते, माणूस झिजत जातो. आपल्याकडे तो सहसा दिसत नाही. माझ्यापर्यंत तो हरिनंदनच्या रूपाने आला. मूळचा बिहारचा हा माणूस कबनूरला यंत्रमागावर काम करायचा. गावी जाऊन आला आणि आजार घेऊन आला. औषधाने दोनदा बरा झाला, दोन्ही वेळा आजार उलटला. त्याच्या हाडातल्या मज्जेतून वाढवलेल्या परजीवींवर मी तेच औषध घालत होते आणि दर वेळी ते सगळे मरत होते. फ्लास्कमध्ये औषध जिंकत होतं, माणसात हरत होतं. तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा त्याने मला विचारलं, "मॅडम, दवा चांगली हाय म्हणता, मग मीच खराब हाय काय?" विभागप्रमुखांनी महिनाअखेर हे काम थांबवायला सांगितलं होतं.

शेवटचा प्रयोग म्हणून मी परजीवींवर औषध घातलं, मग ते धुऊन काढलं आणि ताजं पोषक द्रव्य दिलं. सोबत दुसऱ्या एका रुग्णाचे, पहिल्याच उपचारात बऱ्या झालेल्याचे, फ्लास्क ठेवले. आमच्या पद्धतीप्रमाणे चार दिवस वाट बघायची आणि हालचाल नसेल तर टाकून द्यायचं. शनिवारी पाहिलं, सगळं निश्चल. सोमवारी टाकायचं ठरवलं.

रविवारी आईने जोतिबाला चल म्हणून हट्ट धरला. मी चिडचिडतच गेले. दर्शन घेऊन उतरताना नारळाच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायरीवर माझा पाय सटकला आणि घोटा मोडला. गुलाल-खोबऱ्याचं दुकान मांडून बसलेल्या एक बाई धावत आल्या. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, पायाला ओलं फडकं गुंडाळलं. दुखण्यापेक्षा मला सोमवारचीच काळजी. मी आईला सांगत होते की उद्या काही झालं तरी मला कामावर जायचंय. बाईंनी कसलं एवढं काम म्हणून विचारलं. मी वैतागून म्हणाले, मेलेले जंतू टाकून द्यायचेत.

त्या हसल्या नाहीत. "पावणं, मेल्यालं कुठं पळून जातंय व्हय? ऱ्हाऊ द्या की तसंच. देव बसलाय न्हवं हितं."

पायाला प्लास्टर पडलं. दुसऱ्या दिवशी सहायक वैशालीने फोन करून विचारलं, फ्लास्क टाकू का? हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाईंचे शब्द आडवे आले. का ते आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, राहू दे, मी आल्यावर बघू. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या प्रयोगावरून हात काढून घेतला होता. पडल्या पडल्या रडू आलं, पण त्या रात्री शांत झोप लागली.

दहा दिवसांनी कुबडी टेकत गेले. हरिनंदनचा पहिला फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला. परजीवी पोहत होते. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या फ्लास्कमध्ये मात्र काहीच नव्हतं. ते मेलेच नव्हते! त्यातले मोजके औषध येताच गाढ झोपले होते, आणि झोपलेल्यावर औषध चालत नव्हतं. औषध सरलं की ते सावकाश उठत होते, चार दिवसांनंतर. आजवर आम्ही औषध धुऊन काढतच नव्हतो, आणि दर वेळी ते उठायच्या आधीच फ्लास्क फेकून देत होतो. मी कुबडी उंचावून ओरडले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" वैशालीच्या हातातली काचनळी पडली, आणि मग तीही ओरडली.

प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेला नमुने पाठवले, तिथूनही तेच कळलं. काम थांबवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. हरिनंदनच्या डॉक्टरांनी आमच्या नोंदी वाचल्या, औषधाला दुसऱ्या औषधाची जोड दिली आणि उपचार लांबवले. सहा महिन्यांनी त्याच्या मज्जेत एकही परजीवी सापडला नाही. ते सांगायला मी फोन लावणार, तोच तो स्वतः दारात उभा राहिला. अंगात मांस भरलेलं, केसांत कापसाचे तंतू. म्हणाला, "काल डबल पाळी मारली, मॅडम. दमलो न्हाय."

घोटा कशाने मोडला हे मला ठाऊक आहे, परजीवी का उठले हेही. तरी त्या दहा दिवसांपुढे माझं डोकं आपोआप झुकतं. राबायचं तेवढं मी राबले होते. हात बाजूला घ्यायला मात्र मला कुणीतरी शिकवावं लागलं. आता प्रयोगशाळेत शिरताना मी फक्त चपलाच बाहेर काढते.