विनीआजीचं मायक्रोमीटर

निरोप आला तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता. आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनजवळ फोन न्यायला बंदी आहे. त्यामुळे ज्यूडिथने सकाळी आठला पाठवलेला 'आई गेली, झोपेतच, शांतपणे' हा मेसेज मी जेवणाच्या सुट्टीत, बारा वाजता वाचला. चार तास विनीआजी या जगात नव्हती आणि मी खुशाल पंपात बसणाऱ्या धातूच्या कड्यांचे, बुशांचे, व्यास मोजत बसले होते. डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही आलं... कारण तिला हे फार आवडलं असतं. 'कामाच्या वेळी काम' हा तिचा खाक्या होता. मला मधेच फोन करून घरी बोलावलं असतं, तर जाता जाता तिने ज्यूडिथला फैलावर घेतलं असतं.

तशी ती माझी कोणीच नव्हती. दोह्यात, अबू हमूरला आमच्या कंपाउंडमध्ये शेजारच्या व्हिलात ज्यूडिथ राहते, इथल्या एका शाळेत शिकवते. विनिफ्रेड ही तिची आई. इंग्लंडमधलं घर आवरून शेवटची काही वर्षं लेकीकडे राहायला आलेली. शंभरीला एकच वर्ष कमी होतं. कंपाउंडमधली पोरं तिला ग्रॅन म्हणायची, मी विनीआजी म्हणायचे, आणि ती मला 'सुनीता' हे तीन अक्षरी नाव जड जातं म्हणून 'सू' म्हणायची. आम्ही चार वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आलो. प्रसादला गॅस प्लांटमध्ये नोकरी लागली. मी सातपूरच्या एका कारखान्यात बारा वर्षं तपासणी विभागात होते. नवऱ्याला चांगली नोकरी लागली म्हणून माझी सुटली. असं कोणी म्हणत नाही, पण असंच असतं.

आमची ओळख सोऱ्यामुळे झाली. पहिलीच दिवाळी, चकलीचं पीठ मळून तयार, आणि माझा फिरकीचा पितळी सोऱ्या अर्ध्यावर अडकून बसला. पुढेही जाईना, मागेही येईना. पक्कड मागायला म्हणून मी शेजारी गेले, तर ज्यूडिथ घरात नव्हती. वॉकर सरकवत दार उघडलं ते या म्हातारीने. तिने पक्कड दिली नाहीच. सोऱ्या हातातून काढून घेतला, दांड्याच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं आणि एका जागी थांबून म्हणाली, "इथे. कोणीतरी वाकडा लावून दामटलाय." ते कोणीतरी म्हणजे अर्थातच मी. मग तिने कपाटातून एक बारीक कानस काढली. "माझे हात कापतात. मी सांगते, तू घास." मी दोन-तीन हात मारले, फिरकी सरसर फिरायला लागली. तिने सोऱ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहत होती. "तू कानस शिकल्यासारखी धरतेस. कुठे शिकलीस?" बारा वर्षांत नाशिकला कोणी माझ्या कानस धरण्याचं कौतुक केलं नव्हतं. संध्याकाळी चकल्या घेऊन गेले, तर तिने एक चिमटीत धरली, गोल फिरवली आणि म्हणाली, "या बाजूला जाड आहे." मग त्याच जाड-बारीक चकल्या चार खाल्ल्या, कवळी सांभाळत.

तेव्हापासून दुपारचा चहा तिच्या ओट्यावर ठरून गेला. महायुद्धात ती लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करायची हे मला हळूहळू कळलं. टोप्यांच्या दुकानात रिबिनी विकणारी पोर. वय भरलं तसं सरकारी पत्र आलं, आणि तीन आठवड्यांच्या शिकवणीवर तिला विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उभी केली. पुरुष लढाईवर गेलेले, लेथसमोर सगळ्या बायका. कोणी आदल्या महिन्यापर्यंत केस कापत होती, कोणी भांडी घासत होती. खिडक्यांना काळा रंग, डोक्याला घट्ट फडकं. शेजारच्या मशीनवरच्या मुलीला कपाळावरची बट दिसावी अशी हौस होती. ती बट एक दिवस लेथने ओढून नेली, मुळासकट... हे सांगताना विनीआजी माझ्या केसांकडे बघायची. तिची एक सवय मात्र मला उलगडत नव्हती. डोक्यावरून विमान गेलं की ती बोलणं थांबवायची आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायची. दोह्यात विमानांना काय तोटा! चहा गार व्हायचा. माझी लेक रेवा म्हणायची, "आई, शी इज डुइंग इट अगेन." मला वाटायचं, बिचारीला घरची आठवण येत असेल.

दोन वर्षांपूर्वी इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये मला तपासणीची जागा मिळाली. माझ्यापेक्षा जास्त आनंद विनीआजीला झाला. नाशिकहून सासूबाईंचा फोन आला, "कर गं बाई नोकरी, पण गळा मोकळा ठेवून घराबाहेर पडू नकोस." आणि फिरत्या मशीनजवळ गळ्यात काही चालत नाही. मी रडकुंडीला आलेली बघून विनीआजीने सेफ्टी पिन पुढे केली. लग्न झालेल्या बायका तिच्या कारखान्यात अंगठी रुमालाच्या गाठीत बांधून आतून टाचायच्या म्हणे. मी मंगळसूत्राचं तेच केलं. सासूबाईंनाही पटलं आणि सेफ्टी ऑफिसरलाही, दोघांना एकदम पटलेली माझी ही एकमेव गोष्ट. वर्कशॉपमध्ये बाई मी एकटीच. आमचे फोरमन हनीफभाई रत्नागिरीकडचे, हाडाचे कारागीर, पण पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, राग मानू नका. नाजूक हत्यारं लेडीजच्या हातात दिली की माज्या छातीत धडधड होते." मी हसून सोडून दिलं. पण सुटलं नव्हतं ते, आत रुतून बसलं होतं.

आणि काही महिन्यांनी माझ्या हातून मायक्रोमीटर पडलं. टेबलावरून थेट फरशीवर. आजूबाजूला कोणी नव्हतं. नियम असा की मोजायचं हत्यार पडलं की ते लगेच बाजूला ठेवायचं आणि स्टोअरमधून अचूक मापाची कांडी आणून तपासायचं, कारण मोठं मायक्रोमीटर शून्यापर्यंत बंद होत नाही. पण कांडी मागितली की रजिस्टरमध्ये लिहावं लागतं... 'पडले', आणि पुढे सही. मी ते पुसलं, कानाशी फिरवून पाहिलं, नीट वाटलं, आणि त्याच मायक्रोमीटरने उरलेले साठ बुश मोजून पास केले. संध्याकाळी चहाला हा किस्सा मी विनीआजीला हसत हसत सांगितला. "आज हनीफभाईंच्या छातीतली धडधड थोडक्यात वाचवली," असं काहीतरी म्हटलं असेन.

तिने कप खाली ठेवला. मग उठली, आत गेली, आणि एक छोटी लाकडी पेटी घेऊन आली. आत जुनं मायक्रोमीटर होतं, तेल लावून जपलेलं. "बंद कर," ती म्हणाली. मी फिरवून बंद केलं. जिथे शून्य दिसायला हवं, तिथे शून्याच्या पुढे दोन बारीक रेघा दिसत होत्या. इंचाचे दोन हजारांश. केसाच्या जाडीएवढंसुद्धा नाही ते.

"हे माझ्या हातून पडलं होतं," ती म्हणाली. "आमचा फोरमन रोज म्हणायचा, पोरींच्या हातात मायक्रोमीटर म्हणजे माकडाच्या हातात घड्याळ. मला त्याला खरं ठरवायचं नव्हतं. मी पुसलं आणि काम सुरू ठेवलं. नुसतं बंद करून बघायचं होतं गं, एवढंसं काम. तेही केलं नाही... बघितलं असतं तर कळलं असतं. दुसऱ्या दिवशी बघितलं, तोवर मी मोजलेल्या भागांचा तो ट्रे गेला होता." कुठे गेला, कुठल्या विमानात बसला, बसला की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. तिने कोणालाही सांगितलं नाही. लढाई संपली तेव्हा एका शुक्रवारी सगळ्या बायकांना आभार मानून घरी पाठवलं, पुरुष परत आले होते. जाताना तिने ते मायक्रोमीटर पिशवीत टाकून आणलं, पुढच्याचा घात नको म्हणून. पुन्हा टोप्या विकल्या, लग्न केलं, बऱ्याच उशिरा ज्यूडिथ झाली. लेथला परत कधी हात लावायला मिळाला नाही, आणि तो ट्रे कधी डोक्यातून गेला नाही. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. "कोणी 'बरं झालं सांगितलंस' म्हणेल असं वाटलं असतं ना सू, तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. तेवढ्यात वरून एक विमान गेलं आणि तिची मान आपोआप वर गेली... आणि मला इतक्या दिवसांनी कळलं की ती कशाची वाट बघत असायची. ते नीट जातंय ना, एवढंच ती बघायची.

मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुझे साठ कुठे आहेत?" गाडी सकाळी सहाला निघणार होती, माल गॅस प्लांटला जायचा होता. प्रसाद काम करतो तसल्याच एका प्लांटला. "मग बसलीस काय?" असं म्हणून तिने मला जवळजवळ ढकललंच. मी तिथेच उभ्याउभ्या हनीफभाईंना फोन लावला. पडलेलं मायक्रोमीटर, साठ बुश, सगळं एका दमात सांगितलं. मग ते म्हणाले, "गाडी थांबवतो. सकाळी लवकर या, आपण दोघं मोजू." सकाळी स्टोअरमधली कांडी लावून पाहिली, तर मायक्रोमीटर खरंच बिघडलेलं होतं. साठ बुश पुन्हा मोजले. नऊ बाद झाले. हनीफभाई मला रागावतील म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी नऊच्या नऊ बुश बादची खूण म्हणून स्वतः लाल रंगाने रंगवले आणि एवढंच म्हणाले, "सहाला गाडी गेली असती तर? चला, खलास. नाश्ता केलाय की नाय?" त्यानंतर छातीच्या धडधडीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्या दिवशी विनीआजी माझ्या वाटेकडे डोळे लावून ओट्यावरच बसली होती. "किती?" "नऊ." तिने ओठांतल्या ओठांत 'नऊ' म्हणून पाहिलं. "आणि कोणाला काही झालं नाही?" "नाही आजी. एकही बाहेर गेला नाही." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचा अंगठा माझ्या नखावरून, बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला, सोऱ्याच्या आट्यांवरून फिरला होता तसा. "चांगलं झालं," ती म्हणाली, "फार चांगलं झालं." आणि रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या ट्रेचं काय झालं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, ते मला कुठून आणून देता येणार होतं? पण त्यानंतर ती विमानांकडे बघेनाशी झाली असं मात्र नाही. बघायचीच. फक्त आता चहा गार व्हायच्या आत मान खाली यायची.

चर्चच्या आवारात प्रार्थना झाली तेव्हा मी, प्रसाद आणि रेवा मागच्या बाकावर बसलो होतो. ज्यूडिथ आईला घेऊन मायदेशी गेली. त्या दुपारी रेवा अंगणात उभी राहून एक विमान दिसेनासं होईपर्यंत बघत होती. "आई, दॅट माइट बी हर्स," ती म्हणाली. वेळ जुळत नव्हती, ते विमान तिचं असणं शक्य नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. निघण्याआधी ज्यूडिथने मला ती लाकडी पेटी दिली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला कापऱ्या अक्षरांत चिठ्ठी होती, 'सूसाठी. मोजायला वापरू नकोस.' ज्यूडिथने विचारलं, "ही काय भानगड आहे? आम्हाला या पेटीला हातही लावू द्यायची नाही." मी तिला सगळं सांगितलं. आईने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

मायक्रोमीटर मी वर्कशॉपमध्ये नेलं. हनीफभाईंना त्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं, बंद करून त्या दोन रेघा बघितल्या आणि तपासणीच्या टेबलामागे भिंतीत स्वतः खिळा ठोकून टांगलं. खाली लाल पट्टी लावली.

मागच्या आठवड्यात मी रिपोर्ट लिहीत होते. हनीफभाई येऊन समोर उभे राहिले. तीस वर्षं आखातात घालवलेला माणूस, सगळं वर्कशॉप त्यांना दबून असतं. इकडे तिकडे बघितलं नाही, आवाज खाली घेतला नाही. विनीआजीच्या मायक्रोमीटरखाली, टेबलावर त्यांनी आपला स्वतःचा मोजायचा व्हर्नियर ठेवला.

"ताई, माज्या हातून पडला."

मी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत, हनीफभाई," मी म्हटलं आणि रजिस्टर पुढे ओढलं.