आईच्या चौथ्या जागेवरची सुभद्रामावशी

आई काल गेली. सगळ्यांत जास्त रडली ती तिची वैरीण.

थांबा, नीट सांगते.

सुभद्रामावशी आमची शेजारीण. भिंतीला भिंत. छप्पन साली नागपूरला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या दिवशी ती आणि आई, दोघी नव्या सुना, एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. एवढ्या गर्दीत हरवायला नको म्हणून.

पुढे कधीतरी मावशीच्या बकरीने आईच्या वाळत घातलेल्या मुंगवड्या खाल्ल्या. खाटेवरच्या सगळ्या.

वर मावशी म्हणाली, "मीठ जास्त झालं वाटते तुह्यं. बकरी नुसती पाणी पिऊन राहिली."

झालं. बोलणं बंद. वर्षानुवर्षं.

आई मोठी ताठ. पण काही चांगलं शिजलं की तिचा हात सवयीने वाटीकडे जायचा, शेजारी द्यायला. मग वाटी गुपचूप परत फळीवर. मला फार वाईट वाटायचं ते बघून.

मी कॉलेजात होते तेव्हा. ऐंशी सालाच्या आसपास कामठी रोडच्या एका विहारात शनिवार-रविवारचं ध्यान शिबिर होतं. विषय मैत्री भावना. आई मलाही ओढत घेऊन गेली.

पांढऱ्या साड्या नेसून हॉलमध्ये शिरलो, तर समोर सुभद्रामावशी. आणि रिकामी जागा नेमकी तिच्या शेजारी.

शिबिर घेणाऱ्या भंतेजींनी समजावलं. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं. मग मित्राचं. मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही, अशा माणसाचं. आणि चौथ्या जागेवर, ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही तो माणूस.

आईने लगेच हात वर केला. "चवथ्याले माही सासू चालते का? वारली ते."

"वारलेल्या माणसाला या भावनेत घेत नाहीत, माई. जिवंत माणूस घ्या."

आईचा चेहराच पडला. सासू म्हणजे तिचा हुकमी एक्का होता.

जिवंत म्हटल्यावर एकच नाव उरलं.

शनिवार मौनात गेला. बरा गेला.

रविवारी सकाळी भंतेजी म्हणाले, "आता त्या चौथ्या व्यक्तीला डोळ्यांसमोर आणा."

आईला मावशीचा चेहराच नीट आठवेना. इतकी वर्षं तिच्याकडे धड बघितलंय कुठे? मग तिने सरळ डोळे उघडले आणि शेजारी बघितलं.

मावशी आधीपासूनच आईकडे टक लावून बसलेली.

"माह्याकडं काहून पाहून राहिली?" आई.

"तूच तं पाहून राहिली!"

"मी मैत्री देऊन राहिले तुले!"

"मी तं कालपासून देऊन राहिले! तूच घेऊन नाही राहिली!"

मौन गेलं उडत. अख्खा हॉल डोळे उघडून बघतोय. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

भंतेजी डोळे मिटूनच म्हणाले, "चालू द्या."

आई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मुंगवड्यांत मीठ जास्त नोतं."

"नोतंच," मावशी म्हणाली. "मीनं बी दोन खाल्ल्या होत्या."

दोघी पदर तोंडाला लावून आधी हसल्या. मग रडल्या. मग पुन्हा हसल्या.

निघताना आई काळजीने भंतेजींकडे गेली. "हिच्याशी तं पटलं. आता चवथ्याले कोनाले घेऊ?"

"दुसरं कोणीतरी असेलच की, माई."

नव्हतं ना! शेवटी दोघींनीच तोड काढली. ध्यानाला बसायच्या आधी थोडं भांडायचं. अगदी मनापासून. नळावरून, कचऱ्यावरून, काहीच नसलं तर बकरी होतीच. मग एका सतरंजीवर शेजारी बसून एकमेकींचं मंगल चिंतायचं.

अगदी परवापर्यंत चाललं हे.

आज सकाळी मावशी काठी टेकत आली. नेहमीच्या जागी सतरंजी टाकायला लावली. बसली. बाजूची आईची जागा रिकामी.

"वारलेल्याले घेत नाहीत म्हनत होते भंतेजी," ती म्हणाली. "मंग मी आता कोनाले घेऊ वं?"

मी चहाचा कप तिच्या हातात दिला.

तिने एक घोट घेतला. माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"हे चाय तूनं केली? पाक झाला साखरेचा. तुह्या मायनं काहीच शिकवलं नाही तुले."

मी रडायलाच तोंड उघडलं होतं. निघालं भलतंच.

"नसेल आवडत तर बकरीले पाजा!"

मावशीने पदराने डोळे पुसले. सतरंजीवरची शेजारची जागा थोपटली.

"बस आता."

आई, तुला शेवटचा जय भीम. सुखात जा.

तुझ्या जागेवर मी बसले आहे. भांडण जमतंय.