पोलादातली अर्धी होडी

आमच्या घरात परातीतला कणकेचा गोळा कायम चोरीला जायचा, आणि चोर कोण हे आईला माहीत असायचं. माझे बाबा डहाणूजवळ वरोरला घरीच डाय बनवत. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात छिन्नीने नक्षी आत कोरायची. मग सराफ त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर पान, फूल, मोर, जे असेल ते वर उठून येतं. कोरताना सगळं खोलगट आणि उलटं दिसतं. म्हणून काम कितपत जमलंय हे बघायला बाबा मधूनच स्वयंपाकघरात यायचे, गोळा उचलायचे आणि डायवर दाबायचे. "बघून झालं की आणा इकडे," आई म्हणायची, "त्या मोराची पोळी लाटायचीय मला." पोलादाचा बारीक कीस दाताखाली आला की कळायचं, आजची पोळी बाबांनी तपासलेली आहे.

मीही कोरीवकामच करते, पण कॉम्प्युटरवर. गेम बनवणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी मी घरी बसून वस्तू घडवते. स्क्रीनवर मातीसारखा एक गोळा येतो आणि हातातल्या पेनने तो दाबायचा, कापायचा, खरवडायचा. माणसं आणि जनावरं करणारे वेगळे. माझ्याकडे इंजिनं, दरवाजे, चिलखतं, बंदुका, म्हणजे टणक वस्तू. आमच्या धंद्यात त्याला हार्ड सरफेस म्हणतात. लोकांना वाटतं चेहरा अवघड. अहो, नाक थोडं वाकडं झालं तरी तो कुणाचा तरी चेहरा असतोच. दरवाजाची बिजागरी केसभर सरकू द्या, शेंबडं पोरही म्हणेल, हे खोटं आहे.

डहाणू रोडला स्टेशनजवळ क्लास लावला होता, तिथे पहिल्याच आठवड्यात माझी शोभा झाली. सरांनी ढाल करायला सांगितली. मी मन लावून ढाल केली, नक्षी काढली, खिळे बसवले, आणि सगळं आत. सर बघतच राहिले. "ही ढाल आहे की घमेलं?" सगळा वर्ग हसला. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. वस्तू आतूनच करतात असं माझ्या हाताला वाटत होतं, त्याला मी काय करणार?

त्याच क्लासमध्ये एक दिवस सर म्हणाले, कडा कधी सुरीसारखी सोडू नका, तिला बारीकसा उतार द्या, म्हणजे तिथे उजेड पडेल आणि वस्तू खरी वाटेल. बाबा हेच म्हणायचे. "कडेला उजेड बसायला जागा ठेव, नाहीतर तो निघून जातो." सरांनी आमचं घर पाहिलं नव्हतं, बाबांनी सरांचा कॉम्प्युटर पाहिला नव्हता. मग हे दोघांना सांगितलं कोणी? आजही मला त्याचं नवल वाटतं.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. हातातली सराफांची कामं गावातल्या दुसऱ्या कारागिरांनी पुरी करून दिली. एका डायला मात्र बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. ती होडी होती. आयुष्यभर लोकांसाठी पानं-फुलं कोरल्यावर स्वतःसाठी काढायला घेतलेली, त्यांच्या वडिलांची होडी. बाबा त्यांना आबा म्हणत. आबा मासेमारी करायचे. बाबांना पाण्यात गेलं की ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून घरातला हा एकच मुलगा किनाऱ्यावर बसून छिन्नीला लागला. ती होडी माझ्या जन्माआधीच मोडीत निघाली. तिचा फोटो नाही, चित्र नाही. ती होती फक्त बाबांच्या डोक्यात, आणि अर्धी त्या ठोकळ्यात. पुढची नाळ, म्हणजे होडीचं टोक, झालेली, फळ्यांच्या रेषा मधल्या भागापर्यंत आलेल्या, आणि त्यामागे नुसतं सपाट पोलाद.

बाबा रोज त्या फडक्याने झाकलेल्या डायसमोर जाऊन बसत. फडकं काढत नसत. डोक्यातली अर्धी होडी बाहेर कशी काढायची, जेव्हा सांगायला जीभ नाही आणि कोरायला हात नाही?

मी कणकेचा गोळा घेतला, डायवर दाबला, फोटो काढले, आणि पुढची अर्धी होडी कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उभी केली. मागची बाजू अंदाजाने जोडली. चार दिवस माझ्या कामाला सुट्टी दिली. मग बाबांना खुर्चीत बसवून स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि होडी गोल फिरवून दाखवली. वाटलं, आता चेहरा उजळेल.

बाबांनी पाहिलं. म्हणाले, "कुणाची?"

मला रागच आला. चार दिवस डोळे फोडून केली आणि म्हणे कुणाची. आई म्हणाली, "अगं, आजारी माणूस आहे, राहू दे." मी लॅपटॉप आपटूनच बंद केला.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मला तो क्लास आठवला, ते घमेलं. मीच ना ती, जिला वस्तू फक्त आतून दिसायच्या? नोकरी करता करता सासरी रुळलेल्या मुलीसारखी मी माहेरची बोली विसरले होते. बाबा इतके महिने ती होडी आतून करत होते. त्यांची होडी म्हणजे खोलगट, उलटी, पोलादात बुडालेली. बाहेरून फुगलेली ती त्यांनी पाहिली असेल, पण घडवली नव्हती.

हात पुसले, एक ठोकळा केला आणि त्यातून होडी वजा केली. सॉफ्टवेअरमध्ये हे क्षणाचं काम. ठोकळ्यात होडीच्या आकाराची पोकळी राहिली. स्क्रीन बाबांपुढे ठेवला. ते पुढे सरकले. डाव्या हाताचं बोट नाळेवर ठेवलं आणि फळ्यांच्या रेषांवरून हळूहळू मागे नेलं. माझी अंदाजाची बाजू आली तिथे बोट थांबलं.

"नाही," ते म्हणाले. मला आनंद झाला. नाही म्हणाले, म्हणजे ओळखलं.

मग रोज दुपारी आमची बैठक. मी मागचा भाग उंच करायची: नाही. बसका करायची: नाही. केबिन पुढे, केबिन मागे, सुकाणू रुंद, सुकाणू अरुंद. पोलादात यातली एकही गोष्ट परत फिरवता आली नसती. इथे मी त्यांच्यासमोर आख्खी होडी पाडून पुन्हा बांधत होते. एखादा आकार जवळ आला की ते डोळे मिटत आणि मान हलवत. वाटायचं, आतल्या होडीशी लावून बघतायत.

एकदा त्यांनी पेन मागितलं. डाव्या हातात धरलं, पेन घसरलं आणि होडीच्या अंगावरून आरपार ओरखडा गेला. बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या धंद्यात असा एक ओरखडा म्हणजे सगळी डाय भंगारात. मी एक बटण दाबलं. ओरखडा गेला.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भूत उतरवलंय. "परत," म्हणाले. मुद्दाम ओरखडा काढला, मी घालवला. मग बटण कुठलं ते शिकून घेतलं आणि दुपारभर तोच उद्योग. खराब करायचं, परत आणायचं. शेवटी त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, त्या बटणावर ठेवला, वरून दाबला. आणि माझ्याकडे बघून तोंडाच्या एका बाजूने हसले. मी चहा टाकते म्हणून उठले आणि ओट्याशी उभी राहून भरपूर रडले.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी "नाही" ऐकायला थांबले होते आणि बाबांकडून ते आलंच नाही. बोट नाळेपासून निघालं, फळ्यांवरून, केबिनवरून, सुकाणूपर्यंत गेलं आणि तिथून अलगद उचललं.

अर्धवट डाय आणि फाइल घेऊन मी तलासरीला गेले. हायवेलगत एका शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं कोरणीचं मशीन आहे. मालक गुजराती. बाबांनी कोरलेल्या भागाला मशीनची सुई लागणार नाही, फक्त उरलेलं कापायचं, असं मी त्याला इतक्या वेळा बजावलं की तो वैतागला. काम झाल्यावर त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "बेन, आ मशीननुं काम नथी लागतुं." हे मशीनचं काम वाटत नाही, म्हणे. मी म्हटलं, अहो, तुमच्याच मशीनने केलंय आत्ता. तो मान हलवत राहिला. मीही पाहिलं. बाबांची छिन्नी कुठे थांबली आणि मशीन कुठे सुरू झालं, ते मला, त्यांच्या मुलीला, सापडेना.

घरी आले तेव्हा आई पोळ्या करत होती. बाबा खुर्चीत. मी डाय त्यांच्या मांडीवर ठेवली. कुणी काही बोलायच्या आत आई उठली, परातीतला गोळा तोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने डायवर दाबला. सोलून त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

होडी वर उठून आली होती. नाळ, फळ्या, केबिन, सुकाणू. कडेला उजेड बसला होता.

मी विचारलं, "कुणाची?"

"आबांची," बाबा म्हणाले.

आईने डोळे पुसले आणि सवयीने हात पुढे केला. "बघून झालं की द्या, तवा तापलाय."

बाबांनी गोळा असलेला तळवा मागे घेतला. दिला नाही.